कैरोची रद्दी व मंगळूरचा व्यापारी : एक ग्रंथपरीक्षण

गॉइटाइन व फ्रीडमन यांचा ‘इंडिया ट्रेडर्स ऑफ द मिडल एजेस’ हा ग्रंथ इ. स. २००८ मध्यें लायडन येथें प्रसिद्ध झाला. एडनमार्गें हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशीं व्यापार करणाऱ्या मध्ययुगीन यहुदी व्यापाऱ्यांचीं पत्रें, हिशेब व करारनामे यांचें इंग्रजी भाषांतर त्यांत आहे. गॉइटाइन १९८५ सालीं निवर्तले. त्यांचें अपुरें राहिलेलें काम फ्रीडमन यांनीं तडीस नेलें.

या साधनांचा उगम ध्यानांत घेण्याजोगा आहे. देवाचें नांव असलेला कागद नष्ट करूं नये, या समजुतीनें जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या कोठडींत जुने कागद शतकानुशतकें टाकले जात. सॉलोमन शेख्टर यांनीं १८९६-९७ च्या सुमारास ते मिळवून केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आणले. तेथील शेख्टर-संग्रहांत सुमारें १ लक्ष ९३ हजार तुकडे आहेत. शेख्टर यांचें मुख्य लक्ष धर्मग्रंथांकडे होतें. बाजारी चिठ्ठ्यांचें मोल जाणून त्यांवर सारें आयुष्य वेचणारे अभ्यासक म्हणजे गॉइटाइन.

त्या चिठ्ठ्यांनीं काय दिलें ? ११३२ सालीं मंगळुरास असलेला व ११४९ पर्यंत मलबार किनाऱ्यावर वावरलेला अब्राहम बेन यीजू हा व्यापारी त्यांतून उभा राहतो. त्याचा कांशाचीं भांडीं घडविण्याचा कारखाना होता; एडनहून जुनीं भांडीं मोडीस येत व नवीं घडवून परत जात. एडनचे स्नेही त्यास कागद भेट धाडीत, तरी आलेल्या पत्रांची कोरी पाठहि तो वायां जाऊं देत नसे. दरबारी बखरकारानें असल्या गोष्टी कधींच लिहिल्या नसत्या.

ग्रंथांत एक उणीव आहे. मूळ पाठ, म्हणजे हिब्रू लिपींतील अरबी मजकूर, येथें छापलेला नाहीं. तो हिब्रू भाषेंतील स्वतंत्र खंडांत आहे. मोडी कागद वाचणाऱ्यास केवळ भाषांतरावर विसंबण्याचा धोका सांगावयास नको. मात्र केंब्रिजच्या ग्रंथालयानें तुकड्यांचीं छायाचित्रें आंतरजालावर सर्वांस खुलीं केलीं आहेत. क्रमांक घेऊन मूळ पाहावें व शंका फेडावी. ही सोय ग्रंथाइतकीच मोलाची आहे.

क्रमांकाचें महत्त्व आणखीहि आहे. या कोठडींतील कागद केंब्रिज, ऑक्सफर्ड, न्यू यॉर्क, सेंट पीटर्झबर्ग असे विखुरले. एका पत्राचे दोन तुकडे दोन देशांत निघतात, आणि याद्या व छायाचित्रें असल्यामुळेंच ते पुन्हां जुळतात.

आमच्या संग्राहकांनीं येथें थोडें थांबावें. रुमाल सोडून शिक्क्याचें तेवढें पत्र उचलावयाचें आणि वाण्याची चोपडी व जमाखर्चाचे ताव रद्दींत घालावयाचे, ही खोड आपल्यांत आहे. कागद कोणाच्या घरचा, कोणत्या रुमालांतला, हें न टिपतां तो विकत घेणें म्हणजे अर्धा पुरावा जाळणें होय. मूळ कागद देववत नसेल तर न द्यावा. परंतु त्याची यादी व छायाचित्र सार्वजनिक ग्रंथालयांत अवश्य ठेवावें. नाहींतर आमच्या बेन यीजूंचीं नांवें आमच्याच कपाटांत वाळवी खाईल.