बहुवाहन प्रसंगांतील चालक-साहाय्य प्रणालींची चाचणी : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
युरो एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलित तातडीच्या ब्रेकचा समावेश मोटारींच्या तारांकनात केला. २०१८ मध्ये तिने दहा मोटारींच्या महामार्ग-साहाय्य प्रणाली तपासल्या, तेव्हा ‘कट-इन’ व ‘कट-आउट’ हे बहुवाहन प्रसंगही योजले. प्रस्तुत लेखात ‘कट-आउट’च्या आधारे अशा चाचण्यांचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत.

चाचणीचे सामर्थ्य :
या प्रसंगात तीन वाहने असतात. चाचणीची मोटार ज्या वाहनामागे धावते, ते ऐनवेळी शेजारच्या मार्गिकेत जाते आणि त्याच्याआड उभे असलेले तिसरे वाहन उघड होते. पूल, फलक व कठडे यांच्यावरूनही रडारच्या लहरी परततात. त्यामुळे निष्कारण ब्रेक लागू नयेत म्हणून अनेक प्रणाली स्थिर वस्तूंना कमी महत्त्व देतात. नेमका हाच दुबळेपणा येथे उघडा पडतो. ताशी ८० कि.मी. वेगाने मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. प्रतिसादास अर्धा सेकंद लागला आणि वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद इतका घटला, तरी ती थांबण्यास सुमारे ५२ मीटर लागतात.

मर्यादा :
पुनरावृत्तीक्षमता हा चाचणीचा प्राण होय; परंतु त्यासाठी वाहतुकीतील परस्परता गमवावी लागते. पुढील वाहन ठरलेल्या मार्गाने जाते, उभे वाहन हे मऊ लक्ष्य असते, आणि दोन्ही चाचणीच्या मोटारीला प्रतिसाद देत नाहीत. या प्रसंगात मागून येणारे वाहन नसते; त्यामुळे जोराच्या ब्रेकने उद्भवणारा मागील धडकेचा धोका मोजलाच जात नाही. चाचणीचालकास पुढे काय घडणार हे ठाऊक असते. प्रणालीवर विसंबून सैलावलेला चालक तेथे नसतो.

ही शेवटची उणीव संस्थेने अंशतः ओळखली, हे मान्य केले पाहिजे. २०२० मध्ये सुरू झालेल्या श्रेणीकरणात चालकाच्या सहभागालाही गुण देण्यात आले. टेस्ला मॉडेल ३ या मोटारीची तांत्रिक कामगिरी उत्तम असूनही चालक-सहभागात ती मागे पडली आणि तिला ‘मध्यम’ श्रेणी मिळाली.

निष्कर्ष :
‘कट-आउट’मधील यश ही सुरक्षिततेची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. श्रेणी पाहून मोटार घेणारा ग्राहक मात्र तिला हमी समजतो. म्हणून श्रेणीसोबत चाचणीतील वेग, अंतर व वाहनांची संख्या ठळकपणे द्यावी आणि मागील वाहनाचाही प्रसंगात समावेश करावा. तसे न झाल्यास चाचणीमार्गावरील गुणच रस्त्यावरील निष्काळजीपणाला निमित्त ठरतील.