तडकलेल्या दाढेचे बळ : तीन आकड्यांचे परीक्षण

तडकलेल्या दाढेचे भरण कोणत्या घाटाचे असावे, याची चर्चा निघाली की 5, 20 व 63 हे तीन आकडे हटकून पुढे केले जातात. रीह, मेसर आणि डग्लस यांनी 1989 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातील हे आकडे होत. रूट कॅनलच्या प्रक्रियेने दाताची दृढता 5 टक्क्यांनी, केवळ चर्वणपृष्ठावरील खाचेने 20 टक्क्यांनी, तर पुढील व मागील दोन्ही कडा छेदणाऱ्या खाचेने 63 टक्क्यांनी घटते, असे त्यांस आढळले. दात मुख्यतः दुर्बळ होतो तो कडेचे बांध तोडल्याने, हा त्यांचा निष्कर्ष निःसंशय मोलाचा आहे.

परंतु या आकड्यांवर पुढे जो भार टाकण्यात आला, तो ते पेलू शकतील काय? प्रयोग झाला तो वरच्या जबड्यातील दुसऱ्या उपदाढांवर, दाढांवर नव्हे. तडकलेल्या दातांचा तर तेथे विचारच नव्हता. शिवाय मोजली गेली ती दृढता, म्हणजे दाबाखाली न लवण्याचा गुण; दात किती भाराने भंगेल, हे त्यावरून ठरत नाही.

तडकलेल्या दाढेची अडचण निराळीच असते. घास चावताना तिचे उंचवटे फाकू पाहतात, तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि अल्प भाराच्या असंख्य आवर्तनांनी तडा पुढे सरकतो. दातास न चिकटणारे चांदीचे भरण पोकळी बुजविते; उंचवट्यांस एकत्र बांधीत नाही. चिकटणारे भरण त्यांस आतून धरते. पूर्ण टोपी मात्र गाडीच्या चाकास धाव आवळावी तशी दाढेस बाहेरून आवळते. तथापि तिच्यासाठी निरोगी भागही कोरावा लागतो, आणि कोरलेला दात पुन्हा वाढत नाही.

म्हणूनच या विषयावरील प्रयोगांनी एकाच दणक्यात दात मोडून न्यूटनांची नोंद करून थांबू नये. भार पुनःपुन्हा द्यावा, आणि दात कोठे भंगला हेही सांगावे. हिरडीच्या वर तुटलेली दाढ बहुधा सावरता येते. मुळापर्यंत दुभंगलेली बहुधा काढावीच लागते. रुग्णाच्या दृष्टीने खरा निकाल हाच होय. उपदाढेवरील आकडा दाखवून दाढ कोरणे, हे शास्त्राच्या नावाने केलेले अनुमानच ठरेल.