सार्वजनिक आणि सरकारी : चंदीगढच्या सेक्टर ४३ च्या निमित्ताने

‘सार्वजनिक’ या मराठी शब्दाचा अर्थ गेल्या दीडशे वर्षांत हळूहळू सरकला आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा रयतेच्या वतीने सरकारपुढे गाऱ्हाणे मांडणारी संस्था असा त्या विशेषणाचा रोख होता. सार्वजनिक हे सरकारीच्या समोर उभे होते. १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात रस्ता आणि चौक ही लोकांनी वर्गणी काढून, मांडव घालून, काही दिवसांपुरती आपली केलेली जागा होती. आज मात्र रस्ते व इमारती बांधणाऱ्या सरकारी खात्याचेच नाव सार्वजनिक बांधकाम विभाग असे आहे, आणि ते कोणालाही खटकत नाही. जे सरकारने बांधले व सर्वांना वापरू दिले ते सार्वजनिक, असा नवा अर्थ रूढ झाला. शहरातील सांस्कृतिक वास्तूंविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात हे दोन अर्थ बेमालूम मिसळलेले असतात. वास्तूचे सौंदर्य सांगितले की तिच्या सार्वजनिकत्वाची सिद्धता झाली, असे मानण्याची खोड समीक्षेला जडली आहे. ही खोड तपासून पाहायला चंदीगढसारखे दुसरे शहर नाही.

ल कॉर्बुझिए १९५१ मध्ये या कामावर आला आणि आल्बर्ट मेयर याच्या आधीच्या आराखड्याला त्याने काटेकोर चौकटीचे रूप दिले. सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असा सेक्टर हा त्या चौकटीचा घटक. रस्त्यांची सात श्रेणींत विभागणी. सेक्टरच्या पोटातून जाणारा बाजाराचा रस्ता. त्याला छेदणारा हिरवा पट्टा. आणि बाहेरच्या वेगवान रस्त्याकडे फिरवलेली पाठ. पहिल्या टप्प्यातील तीस सेक्टर दीड लाख वस्तीसाठी होते. दुसऱ्या टप्प्यातील, म्हणजे ३१ ते ४७ क्रमांकांचे सेक्टर अधिक दाट वस्तीसाठी. सारे शहर पाच लाखांचे कल्पिले होते. २०११ च्या जनगणनेत केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या १०,५५,४५० भरली. सेक्टर ४३ हा या दुसऱ्या टप्प्यातला. त्याला उपनगरकेंद्राचे स्थान दिले गेले. तेथे आंतरराज्य बसस्थानक आहे, जिल्हा न्यायालयांचे संकुल आहे. युनेस्कोने २०१६ मध्ये कॉर्बुझिएच्या ज्या सतरा कृतींना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत चंदीगढचे कॅपिटॉल संकुल आहे. सेक्टर ४३ कडे वळून पाहण्याचे कारण कोणत्याही वारसाप्रेमी प्रवाशाला नाही. तो तेथे येतो तो हिमाचलची गाडी पकडण्यासाठी.

आणि तरीही, नागरिकाला काय वाव मिळाला या प्रश्नाचे उत्तर सेक्टर १ मधील स्मारकांपेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते. सेक्टर १ मध्ये ‘उघडा हात’ आहे. २६ मीटर उंचीचे हे वाऱ्याबरोबर फिरणारे शिल्प कॉर्बुझिएच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १९८५ मध्ये उभे राहिले. त्याच्या पायथ्याशी जमिनीखाली उतरलेले एक प्रांगण आहे. नागरिकांनी तेथे बसून सार्वजनिक प्रश्नांचा विचार करावा अशी योजना होती. कॉर्बुझिएने त्याला दिलेले फ्रेंच नाव मराठीत आणू पाहणाऱ्याची पंचाईत होते. ‘विचारविवर’ म्हणावे तर ते योगसाधनेच्या गुहेसारखे वाटते. ‘चर्चेचा खड्डा’ म्हणावे तर हसू येते. ‘पार’ किंवा ‘चावडी’ हे शब्द सहज सुचतात. पण ते बसत नाहीत, आणि न बसण्याचे कारण भाषिक नाही. गावातला पार कोणी विचारविनिमयासाठी बांधलेला नसतो. झाड असते, सावली असते, माणसे टेकतात आणि मग बोलतात. पंजाबच्या खेड्यांतली ‘सथ’ अशीच. (पारावर कोण बसू शकत होते आणि कोणाला लांबून जावे लागत होते, हे महाराष्ट्राने विसरण्याचे कारण नाही, पाराची भाबडी आरती येथे अभिप्रेत नाही.) कॉर्बुझिएने उलट केले : आधी चर्चेची कल्पना केली, तिला आकार दिला, आणि माणसे मागाहून येतील असे धरून चालला. माणसांना येणे अवघड झाले. ऑगस्ट १९९५ मध्ये सचिवालयाच्या दाराशी मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची हत्या झाली, त्यानंतर या साऱ्या परिसराभोवतीचा पहारा कडक झाला. आज तेथे ठरल्या वेळी, ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाबरोबर जाता येते. निदर्शनांसाठी प्रशासनाने सेक्टर २५ मधील मैदान नेमून दिले आहे. विचार करण्याची जागा एकीकडे आणि ओरडण्याची जागा दुसरीकडे, अशी ही वाटणी झाली.

या ठिकाणी नेक चंद यांचा दाखला दिला जातो. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता-निरीक्षक असलेल्या या माणसाने शहर उभारताना पाडलेल्या खेड्यांतील फुटकी कौले, बांगड्या, मातीची भांडी, दगड यांतून राखीव जंगलात गुपचूप एक नगरी रचली. १९७० च्या दशकात ती प्रशासनाच्या ध्यानात आली आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिला लोकसहभागाचे उदाहरण म्हणणे हा मात्र शब्दांचा ढिसाळ वापर आहे. ती एकट्या कलावंताची, कमालीच्या हट्टाची निर्मिती होय. लोकांचा सहभाग आला तो १९९० मध्ये, रस्त्यासाठी बागेचा भाग पाडायला यंत्रे आली आणि नागरिक त्यांच्या आड उभे राहिले तेव्हा. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या परिसरातील वाहतुकीच्या सोयीसाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. याही वेळी नागरिकांनी विरोध केला, पण भिंत गेली. सहभाग म्हणजे येथे रक्षण. तो मोलाचा खरा. परंतु जे आधीच घडलेले आहे त्याभोवतीच तो उभा राहू शकतो.

सेक्टर ४३ मध्ये रक्षण करावे असे काही नाही. बसस्थानकावरचा प्रवासी आणि न्यायालयातला पक्षकार यांना एकच गोष्ट जोडते : दोघांनाही थांबावे लागते. तासन् तास थांबलेल्या माणसांचा हा समुदाय शहरातील कोणत्याही प्रेक्षागृहापेक्षा अधिक मिश्र आहे. अशा ठिकाणी एखादे भव्य कलाभवन बांधावे असे सुचवणे सोपे आहे, आणि ते चुकीचे ठरेल. दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह नाटकासाठी बांधलेले नव्हते. १९७४ पासून ‘आविष्कार’ने ते प्रायोगिक नाटकाचे घर केले. तेथे वास्तूचे श्रेय फारसे नाही. जागा परवडणारी होती, ती नियमाने मिळत होती आणि तिची मांडामांड करण्याचा अधिकार नाटक करणाऱ्यांकडे होता. उलट चार्ल्स कोरिया यांनी पणजीत मांडवीच्या काठी उभारलेली कला अकादमी ही आपल्या काळातील अत्यंत मोकळी, नदीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी वास्तू. तिच्या नूतनीकरणाचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. तिच्यासाठी झगडणाऱ्या कलावंतांनी आपल्या संघटनेला ‘कला राखण मांड’ हे नाव दिले. मांड म्हणजे गोव्याच्या गावातली शिगम्याच्या खेळांची परंपरागत जागा. तिच्यावरचे मान आणि जबाबदाऱ्या गावाने पिढ्यान् पिढ्या वाटून घेतलेल्या असतात. आधुनिक सभागृहासाठी हा शब्द योजताना त्या कलावंतांनी वास्तूपेक्षा तिच्यावरील हक्काची भाषा बोलून दाखवली.

हल्ली नगररचनेच्या अहवालांतून ‘लोकसहभाग’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा व्यवहारातील अर्थ बहुधा असा असतो की आराखडा पुरा झाल्यावर लोकांना हरकती नोंदवायला बोलवावे, किंवा उड्डाणपुलाच्या खांबावर मुलांकडून चित्रे काढून घ्यावीत. त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण कुलपाची किल्ली कोणाकडे, दिवसाचे भाडे किती, रात्री किती वाजता दिवे मालवायचे आणि नकार देण्याचा अधिकार कोणाचा, हे त्यात कोठेच येत नाही. चंदीगढच्या नियमावलीने शहरात व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत असे बजावले आहे, आणि पुतळ्यांनी गजबजलेल्या महाराष्ट्राला तिचा हेवा वाटावा. त्याच संयमाने त्या नियमावलीत एखादी जागा निव्वळ रहिवाशांच्या हवाली केली असती, तर सेक्टर ४३ च्या हिरव्या पट्ट्यात आज काय दिसले असते, हे सांगता येत नाही. कदाचित रामलीला, कदाचित पथनाट्य, कदाचित नुसती दुपारची झोप.