बुधाची फुलनक्षी आणि गुरुत्वाची बेरीज

विज्ञान-प्रदर्शनांत संगणकावर ग्रहमाला फिरवून दाखवणारे प्रकल्प असतात. त्यांतल्या एका प्रकाराबद्दल आमची तक्रार आहे. पडद्यावर बुधाची कक्षा दर फेरीला थोडी वळते, पाकळ्यांची सुरेख नक्षी उमटते आणि खाली लिहिलेले असते, 'आइन्स्टाइनच्या समीकरणांनुसार'.

जरा हिशेब करू. व्यापक सापेक्षतेमुळे बुधाचा उपसूर्य बिंदू शतकात 43 विकला सरकतो (3600 विकला म्हणजे 1 अंश). शतकात बुधाच्या सुमारे 415 फेऱ्या होतात. म्हणजे फेरीला जेमतेम एक दशांश विकला. पाकळी 10 अंशांनी वळलेली दिसत असेल, तर परिणाम साडेतीन लाख पटींनी फुगवलेला आहे. फुगवायला हरकत नाही, पण तसे लिहायला हवे. कधी कधी तर कोणी फुगवलेलेही नसते! गणिताच्या पायऱ्या मोठ्या घेतल्याने साचलेली चूकच कक्षा वळवत असते. पारख सोपी आहे. सापेक्षतेचे पद काढा, फक्त सूर्य व बुध ठेवा. न्यूटनच्या नियमाने कक्षा वळता कामा नये. वळली, तर ती नक्षी आइन्स्टाइनची नव्हे.

दुसरा दोष अधिक खोल आहे. सूर्य-बुधाचे दुरुस्तीचे सूत्र विद्यार्थी प्रत्येक जोडीला लावतात आणि बेरीज करतात. न्यूटनकडे अशी बेरीज चालते. पृथ्वी चंद्राला किती ओढते हे सूर्य किती दूर आहे यावर ठरत नाही. सापेक्षतेत ठरते. आइन्स्टाइन, इन्फेल्ड व हॉफमन यांनी 1938 साली मांडलेल्या समीकरणांत दोघांच्या ओढीच्या पदात तिसऱ्याचे वस्तुमान आणि अंतरही शिरते. ते पद सूक्ष्म असते हे खरे, पण इथे सापेक्षतेचा सगळा परिणामच सूक्ष्म आहे! ग्रहांची अचूक स्थाने काढताना अमेरिकेची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी याच धर्तीची समीकरणे वापरते.

तीही मंद गती आणि दुबळे क्षेत्र असेल तेथेच चालतात. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळतात तेथे मूळ समीकरणेच सोडवावी लागतात. संगणकावर दोन कृष्णविवरांचा पहिला प्रयत्न 1964 सालचा. शेवटच्या फेरीपासून मीलनापर्यंतचा हिशेब फ्रान्स प्रिटोरियस यांना साधला तो 2005 साली. आणि तीही दोनच विवरे!

तेव्हा 'आइन्स्टाइनची ग्रहमाला' असा फलक लावण्याआधी मार्गदर्शक शिक्षकांनी, आज्ञावलीत तिसऱ्या वस्तूचे पद कोठे आहे, एवढे विचारावे.