मुद्राचित्रांतील बालपण : पान आणि भिंत

बालपण आणि बालपुस्तकांतील चित्रे यांपासून प्रेरणा घेऊन भरविल्या जाणाऱ्या मुद्राचित्रांच्या प्रदर्शनांचा विचार करताना एक प्रश्न बहुधा बाजूस राहतो. या चित्रांचे मूळ स्थान कोणते : पुस्तकाचे पान की दालनाची भिंत? पानावरील चित्र बालकासाठी काढलेले असते, तर भिंतीवरील चित्र पुष्कळदा बालकाविषयी असते. पहिल्या ठिकाणी मूल पाहणारे असते, दुसऱ्या ठिकाणी ते पाहिले जाते. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर बालपणाचे प्रदर्शन हे प्रौढांच्या हुरहुरीचे प्रदर्शन होऊन बसते.

या प्रश्नाचा ऊहापोह करण्यास रत्नागिरीची भूमी विशेष उपयुक्त आहे. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या आणि आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेल्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जतन केली आहे. चित्रकथीत सुटी चित्रे एकामागून एक पुढे धरून कथा गाऊन सांगितली जाते. एका कथेच्या चित्रसंचास पोथी असेच म्हणतात. येथे चित्र हेच कथेचे पान असते. ही चित्रे हाताने रंगविलेली असल्यामुळे त्यांना मुद्राचित्रे म्हणता येणार नाही. परंतु चित्र, शब्द आणि श्रोता यांचा जो संबंध चित्रमय बालपुस्तकास अभिप्रेत असतो, तो येथे पूर्वीच सिद्ध झालेला दिसतो.

याच जिल्ह्यातील हेदवी येथे १८४० साली जन्मलेल्या विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले. चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय विषय सुबोध मराठीत मुलांपर्यंत पोहोचविणे हे त्या मासिकाचे व्रत होते. म्हणजे ओकांचा मुख्य भरवसा अक्षरावर होता. पिंगुळीच्या परंपरेत कथा चित्राच्या मागून चालते, ‘बालबोध’च्या परंपरेत ज्ञान अक्षराच्या मागून चालते. मराठी बालपुस्तकाने दीर्घकाळ दुसरा मार्ग पत्करला आणि चित्रास बव्हंशी शोभेचे स्थान दिले. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी स्वतः लिहिणारी आणि स्वतःच चित्रे काढणारी लेखिका पुढे आली तेव्हा ही दरी किती रुंद होती याची जाणीव वाचकांस झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही दरी मुळात तंत्रामुळे पडलेली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. उठावाच्या मुद्रणात लाकडाचा अथवा लिनोलियमचा पृष्ठभाग कोरतात; कोरलेला भाग कोरा राहतो आणि उरलेला भाग शाई घेतो. असा ठसा खिळ्यांच्या उंचीचा करून घेतला, की तो अक्षरांबरोबर एकाच चौकटीत आवळता येतो, आणि चित्र व मजकूर एकाच दाबाने, एकाच शाईने कागदावर उतरतात. नंदलाल बोस यांनी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या १९३० मधील बंगाली वाचनपुस्तकासाठी लिनोलियमवर कोरून केलेली चित्रे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. त्यांतील काळे क्षेत्र अक्षराच्या काळ्या रंगाशी समान बळाने उभे राहते. अक्षर ओळखू लागलेल्या मुलास चित्र आणि वर्ण ही एकाच जातीची चिन्हे वाटावीत, अशी ही योजना आहे. त्या पुस्तकातील साधेपणा हा मुलाच्या बुद्धीविषयी आदर बाळगणारा आहे.

मुद्राचित्रांतील बालपण निरागसतेपुरते मर्यादित असते, हा समजही इतिहासास धरून नाही. विल्यम ब्लेक याने १७८९ मध्ये ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हा संग्रह तांब्याच्या पत्र्यावर कविता आणि चित्र एकत्र कोरून स्वतः छापला, आणि १७९४ मध्ये त्याला अनुभवाच्या कवितांची जोड दिली. धुराडी साफ करणारा मुलगा या दोन्ही भागांत येतो. श्रमाने पिचलेले मूल हे सचित्र मुद्रणाच्या कक्षेत प्रारंभीच येऊन बसले होते. मराठीतही पालगडच्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) बालपणाची स्मृती सांगताना दारिद्र्य आणि अपमान झाकलेले नाहीत.

या परंपरेचा सर्वांत समर्थ वारस महाराष्ट्रात काम करीत होता. चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) हे १९४६ पासून मुंबईत, अंधेरी येथे, राहिले. बंगालच्या दुष्काळावरील त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका १९४३ मध्ये निघाली आणि ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. छापलेल्या चित्राची शक्ती त्याच्या अनेकत्वात असते, हे सरकारने नेमके ओळखले होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चित्तप्रसादांनी रस्त्यावर वाढणाऱ्या आणि श्रमास जुंपलेल्या मुलांची लिनोचित्रे केली. ती १९६९ मध्ये युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ या नावाने प्रसिद्ध केली. याच कलावंताने मुलांच्या कथांसाठीही चित्रे कोरली. परीकथा चितारणारा हात आणि परीकथेस मुकलेले मूल चितारणारा हात एकच होता, ही गोष्ट त्यांच्या कार्याच्या मूल्यमापनात मध्यवर्ती मानली पाहिजे. लिनोलियमच्या सपाट काळ्यातून उजेड कोरून काढावा लागतो. मुलाची आकृती त्या अंधारातून मोकळी करावी लागते. विषय आणि साधन यांची अशी सांगड क्वचितच पडते.

तथापि या संग्रहाची मर्यादाही सांगितली पाहिजे. शीर्षकातील ‘देवदूत’ हा शब्द मुलांना त्यांच्या वास्तवातून उचलून करुणेच्या उंचीवर नेतो, आणि करुणा ही पाहणाऱ्यास फार लवकर समाधान देते. शिवाय हे पुस्तक प्रौढ दात्यांच्या जगात प्रसिद्ध झाले. ज्या मुलांची ती चित्रे होती त्यांच्या हाती ते पडण्याचा संभव फारच थोडा होता. चित्रांचा कणखरपणा हा दोष पुष्कळसा भरून काढतो, परंतु तो नाहीसा करीत नाही.

दिल्ली आर्ट गॅलरीने २०११ मध्ये चित्तप्रसादांच्या कार्याचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन भरविल्यामुळे विखुरलेली चित्रे एकत्र पाहणे शक्य झाले, हा लाभ मोठा आहे. परंतु सर्वच अशा प्रदर्शनांत काही गमवावेही लागते. चौकटीत बसविलेले चित्र आपला क्रम, आपला मजकूर आणि हातभर अंतरावरून पाहण्याची जवळीक हरवून बसते. खाली पेन्सिलीने घातलेला अनुक्रमांक, जे अनेकांसाठी छापले त्यास दुर्मिळ करतो. प्रौढ प्रेक्षकाच्या नजरेच्या उंचीवर टांगलेले बालपुस्तकाचे चित्र तर मुलास दिसतही नाही.

यावरून प्रदर्शनाच्या मूल्यमापनाचे काही निकष हाती येतात. चित्रांचा कथाक्रम राखला आहे काय, मूळ पुस्तक हाताळण्यास ठेवले आहे काय, ठसा व त्याची छाप शेजारी मांडून कृती उलगडली आहे काय, आणि चित्रे मुलाच्या नजरेस येतील अशी लावली आहेत काय, हे पाहिले पाहिजे. चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे कला महाविद्यालय आहे, आणि दक्षिणेस पिंगुळीत चित्र पुढे धरून कथा सांगण्याची रीत आजही परिचित आहे. शिक्षण आणि परंपरा यांचे हे सान्निध्य कोकणातील अभ्यासकांस अनायासे लाभले आहे. बालपणावरील मुद्राचित्रे मांडताना त्याचा उपयोग करून घेतला, तर मूल पुन्हा प्रेक्षकाच्या जागी येऊन बसेल. ते तेथे नसेल, तर चित्रांची गुणवत्ता कितीही असो, त्या प्रदर्शनाचा विषय बालपण आहे असे समीक्षकास म्हणता येणार नाही.