पारा एक, ताटं दोन

माझ्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘माशांमधून पोटात जाणारा मिथाइल पारा गर्भाच्या मेंदूला घातक असल्याचे फेरो बेटांवरील अभ्यासाने सिद्ध झाले आहे.’ मॅडमनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘मासा की देवमासा?’ मी मूळ पेपर वाचलाच नव्हता, संदर्भ दुसऱ्या कुणाच्या प्रस्तावनेतून उचलला होता. तुम्ही असं कधी केलं नसेल तर उत्तमच.

तर मूळ पेपर. १९८६-८७ मध्ये फेरो बेटांवर जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा हा अभ्यास. पारा नाळेच्या रक्तात मोजला. सातव्या वर्षी तपासलं तेव्हा जास्त पारा असलेल्या मुलांची भाषा, लक्ष आणि स्मृती थोडी मागे दिसली. फिलिप ग्रांजाँ आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ मध्ये छापलं. पण या आयांच्या पोटात पारा गेला तो मुख्यतः पायलट व्हेलच्या मांसातून. मासे त्या खायच्याच, पण ते बहुतेक कॉडसारखे, कमी पाऱ्याचे. आणि देवमाशाच्या चरबीत पीसीबीही असतात.

आता सेशेल्स. तिथल्या आया आठवड्याला सुमारे बारा वेळा समुद्री मासे खायच्या, देवमासा नाही. त्यांच्या केसांत पारा दशलक्ष भागांत जवळपास सात. फेरोच्या आयांच्या केसांत चारच्या आसपास. म्हणजे सेशेल्समध्ये पारा जास्त! तरी २००३ च्या पेपरात, नवव्या वर्षीच्या २१ निकषांपैकी फक्त दोनच पाऱ्याशी जोडलेले निघाले. एक वाईट बाजूने, एक चांगल्या.

‘चाचण्या वेगळ्या होत्या’ हे सोपं उत्तर इथे पुरत नाही, कारण नवव्या वर्षी सेशेल्सच्या गटानेही फेरोसारख्याच बऱ्याच चाचण्या घेतल्या होत्या. मला मोजमाप जास्त खटकतं. देवमाशांचा कळप किनाऱ्याला लागला की मांस घरोघरी वाटलं जातं, म्हणजे पारा झटक्याने शरीरात जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो; गरोदरपणातल्या सगळ्या लांबीची सरासरी काढली की हे झटके सपाट होतात. रोज मासे खाणाऱ्या बाईत सरासरी बऱ्यापैकी खरं सांगते. इथे ती फसवू शकते.

दुसरी गोष्ट, मासा पाऱ्यासोबत ओमेगा-३, सेलेनियमही देतो. फेरोच्याच गटाने २००७ मध्ये मासे खाण्याचा फायदा गणितातून वेगळा काढला, तेव्हा पाऱ्याचा तोटा आधीपेक्षा मोठा दिसला. म्हणून सेशेल्सच्या निकालावरून ‘पारा निरुपद्रवी’ असं लिहिणं तितकंच चूक, जितकं माझं वाक्य चूक होतं.

तुमच्या प्रबंधात हे सगळं येतं कुठे? हॅझर्ड कोशंटच्या छेदात. अमेरिकेच्या ईपीएने मुख्यतः फेरोवर विसंबून मर्यादा ठरवली : किलो वजनामागे रोज ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे आठवड्याला ०.७. जेईसीएफएने २००३ मध्ये दोन्ही अभ्यास धरले आणि आठवड्याला १.६ वर आली. समजा एखादी बाई आठवड्याला १.२ घेते. पहिल्या छेदाने भागफल १.७, ती धोक्यात. दुसऱ्याने ०.७५, ती सुरक्षित. बाई तीच, मासळीही तीच. पेपरामागून पेपर वाचले, तर बहुतेकांत छेद कुठून आला याला अर्धी ओळसुद्धा नाही. आणि जोडीला ७० किलो वजन, जणू आपल्या सगळ्या गरोदर बायका ७० किलोच्याच!

गेल्या महिन्यात रत्नागिरीहून वहिनीचा फोन आला. पाचवा महिना चालू आहे. ‘भावजी, तुम्ही माशांवरच पीएचडी करताय ना? मग मी मासे खाऊ की नको?’ मी म्हटलं, ‘खा, पण मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळा, तारली-बांगडा चालू ठेवा.’ फोन ठेवल्यावर वाटलं, आधी काय खाता ते तरी विचारायला हवं होतं. मग आठवडाभराची यादी मागवली. व्हॉट्सअ‍ॅपवर आली : तारली तीनदा, बांगडा दोनदा, मुशी एकदा, तीही दादाच्या हट्टापायी. माझ्या प्रश्नावलीत आता ‘मासे आठवड्यातून किती वेळा?’ या रकान्याच्या आधी ‘कोणता मासा?’ हा रकाना आहे.