तळहाताआडची ज्योत

एडवर्ड हॉपर आणि सावळाराम लक्ष्मण हळदणकर या दोघांचाही जन्म १८८२ चा. एक न्यूयॉर्कजवळच्या नायॅकचा, दुसरा सावंतवाडीचा. हॉपर १९६७ मध्ये गेला, हळदणकर १९६८ मध्ये. एवढ्यावरून नाते जोडायचे कारण नाही. पण माणूस आणि उजेड एवढ्याच भांडवलावर दोघांनी जे केले, ते शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

हॉपरचे ‘नाइटहॉक्स’ १९४२ चे. कोपऱ्यावरचे हॉटेल, अपरात्र, तीन गिऱ्हाइके आणि एक वाढपी. आत उजेड इतका की लपायला जागा नाही, आणि रस्त्यावरून आत शिरायला दारही दिसत नाही. हा दिवा कुणी कुणासाठी लावलेला नाही. ‘मॉर्निंग सन’ (१९५२) मध्ये पलंगावर बसलेल्या बाईच्या अंगावर ऊन पडले आहे. चित्रासाठी बसली होती हॉपरची पत्नी जो. ऊन भरपूर आहे, ऊब मात्र कुठे जाणवत नाही.

हळदणकरांची ‘दिवा घेतलेली स्त्री’ १९४५-४६ च्या सुमाराची. समोर उभी होती त्यांची मुलगी. ज्योतीआड धरलेल्या तळहाताची बोटे उजेडाने तांबूस झाली आहेत. जलरंगाची शिस्त अशी की, उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. चढवायचा तो काळोख, थरावर थर. एकदा गेलेला उजेड परत आणणे फार कठीण. तेलरंगात तो मागाहूनही देता येतो. म्हणजे ती मुलगी ज्योतीला जपते आहे, तसाच चित्रकार कागदाला.

या चित्राला ‘ग्लो ऑफ होप’ हे नाव चिकटले. मला ते गोडच वाटते, नको तितके. चित्रात आशा शोधत बसू नये. दिवा न विझता पलीकडच्या खोलीत पोचवायचा, एवढेच काम आहे. ती एकटी आहे खरी, पण तेवढ्या चार पावलांपुरती. हॉपरच्या माणसांना कुठे पोचायचेच नसते.

आमच्या फ्रीगंजात फ्रेमवाल्याला विचारा, “रवि वर्मा का है, साब.” घरोघरी आपणही मराठीतून तेच सांगतो! रवि वर्मा १९०६ मध्येच वारले होते. नाव गेले ते गेलेच, पण कॅलेंडरवाल्यांनी काळोखही उजळून टाकला आहे. मग उरते ती नटलेली बाई. ज्योतीला हात आड का धरावा लागतो, तेच कळत नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात मूळ चित्र अंधाऱ्या खोलीत ठेवून दाखवत आले, ते उगीच नव्हे.

उतारवयात, १९६३ मध्ये, हॉपरने ‘सन इन अ‍ॅन एम्प्टी रूम’ रंगवले. रिकामी खोली, खिडकी, भिंतीवर ऊन. माणूस त्याने काढूनच टाकला आणि चित्राचे काही अडले नाही. हळदणकरांच्या चित्रातून ती मुलगी काढता येत नाही. दिवा तिच्या हातात आहे.